वास केव्हा आला?

बाळांनो, घटकाभर अशी कल्पना करा, की तुमच्या गावात एक चोर आहे. तो रोज येतो, सगळ्यांना हैराण करतो. पण पहारेकरी आला की कुठेच नसतो. त्याला हात नाहीत, पाय नाहीत, सावलीसुद्धा नाही. दार लावलं तर फटीतून आत शिरतो. असा चोर पकडायचा कसा? आणि तो सापडत नाही म्हणून कुणी तुमच्या आईलाच पकडलं तर?

खारवलीच्या अकरा वर्षांच्या हेमांगी तांडेलवर नेमकी ही वेळ आली होती. आणि तो चोर म्हणजे एक वास होता.

आधी गाव डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला समुद्र. किनाऱ्यावर हेमांगीच्या आईच्या वलांड्या (बोंबील वाळत घालायचे बांबूंचे मांडव). त्यांच्या मागे सागरछाया नावाची नवी वसाहत. आणि तिच्याही मागे, पूर्वेला, कोंबड्यांचं खाद्य बनवणारा कारखाना. समुद्र, वलांड्या, वसाहत, कारखाना. हा क्रम विसरू नका.

गुरुवारी संध्याकाळी प्रदूषण खात्याचा यंत्रमानव घरंगळत वाळूत आला. त्याला चार रुंद चाकं होती आणि पुढे हत्तीच्या सोंडेसारखी नळी. खात्यानं त्याचं नाव 'गंधशोधक' ठेवलं होतं. गावातली पोरं त्याला नाक्या म्हणत.

"जयमाला तांडेल," नाक्या हेमांगीच्या आईला म्हणाला, "सागरछायातून कुजक्या मासळीच्या वासाच्या एकतीस तक्रारी आल्या आहेत. सगळ्या तक्रारी संध्याकाळच्या आहेत, आणि प्रत्येक तक्रारीच्या वेळी वारा समुद्राकडून वसाहतीकडे होता. त्या वाटेवर मासळीचं ठिकाण एकच आहे, तुमचं. शनिवारी दुपारी बारापर्यंत वलांड्या उतरवाव्यात."

"अरे डब्या, कुजकी?" आईनं हातातली टोपली खाली आदळली. "सकाळी आलेला बोंबील सकाळीच उन्हात टांगते मी! सुक्याच्या वासानं भूक लागते माणसाला, ओकारी नाही येत!"

"भूक लागते, याची नोंद केली," नाक्या म्हणाला.

आई हसली नाही. ती नुसती वलांड्यांकडे बघत राहिली. ऐन हंगाम होता. वलांड्या उतरल्या तर हातातली मासळी खरंच कुजणार होती, आणि घर चालायचं ते याच मासळीवर.

हेमांगी वलांडीजवळ गेली, एका बोंबलाला नाक लावलं आणि जोरात हुंगलं. काहीच नाही. पुन्हा हुंगलं. तरी काही नाही.

"नाक्या, इथे वास येतोय?" तिनं हळूच विचारलं.

"येतोय. सदतीस एकक."

"मग मला का नाही येत?"

"वास म्हणजे वस्तूतून सुटून हवेत तरंगणारे रेणू (पदार्थाचे अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणारे कण). ते नाकात शिरले की नाक मेंदूला निरोप धाडतं. पण तेच रेणू रोज येत राहिले, तर मेंदू म्हणतो, 'यात नवीन काय?' आणि लक्ष देणं सोडतो. याला घ्राणथकवा (एकाच वासाची नाकाला पडलेली सवय) म्हणतात. तू इथेच वाढलीस. या वासाच्या बाबतीत तुझं नाक साक्षीदार म्हणून चालणार नाही."

हेमांगी वलांडीपासून मागे सरकली. म्हणजे सागरछायातली माणसं खरं बोलत असतील तर? आपल्याच वलांड्यांचा वास त्यांना छळत असेल आणि आपल्याला कळतच नसेल तर? हा विचार तिनं आईला सांगितला नाही. रात्रभर तो तिच्या उशाशी बसून राहिला.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती थेट सागरछायात गेली. एकतीसपैकी सव्वीस तक्रारी ज्यांच्या नावावर होत्या, त्या सबनीस आजोबांचं दार तिनं वाजवलं.

"कोण गं तू?"

"त्या वलांड्या आहेत ना, त्यांची. जयमाला तांडेलची मुलगी."

आजोबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "म्हणजे भांडायला आलीस!"

"नाही. विचारायला आलेय. वास कसा असतो?"

आठ्या थोड्या सैल झाल्या. "काय सांगू बाळ! सडक्या मासळीवर कुणी करपलेलं तेल ओतावं, तसा. पहाटे फिरायला निघण्याआधी खिडकी उघडतो, की भस्सकन आत. आमच्या हिला दम्याचा त्रास. दोन महिने झाले, तिनं सकाळची मोकळी हवा घेतलेली नाही."

"पहाटे?" हेमांगी दचकली. "पण नाक्या तर म्हणाला, तक्रारी संध्याकाळच्या आहेत!"

"असणारच. मी तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली. रागाच्या भरात अर्ज लिहू नये, हा माझा नियम. संध्याकाळचा चहा होतो, डोकं शांत होतं, मग साडेसहाला बसून नीट मुद्देसूद लिहितो. आमच्या मजल्यावरचे बाकीचेही माझ्याकडूनच लिहून घेतात."

"आणि त्यात वास पहाटे आला असं लिहिता?"

"त्यात काय लिहायचं? रोजच येतो ना!" आजोबा बोलता बोलता थांबले. "अगं, त्या अर्जात वेळ आपोआप पडते. अर्ज पाठवल्याची."

हेमांगी पळतच सुटली. नाक्या रोजच्यासारखा वसाहतीच्या फाटकाशी उभा राहून संध्याकाळची हवा हुंगत होता.

"नाक्या, पहाटे वारा कुठून असतो?"

"उत्तर देण्याआधी एक प्रश्न. भर दुपारी अनवाणी वाळूत गेलीस तर?"

"पाय भाजतात! धावत पाण्यात जावं लागतं. पाणी गार असतं."

"आणि पहाटे?"

हेमांगीनं आठवून पाहिलं. पहाटे बाबांची होडी लोटायला ती जाई तेव्हा वाळू बर्फासारखी लागे. "पहाटे वाळू गार असते, आणि पाणी... पाणी कोमट लागतं."

"बरोबर. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. दुपारी जमिनीवरची हवा तापून हलकी होते आणि वर चढते. तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा धावत येते. हे खारे वारे (समुद्राकडून जमिनीकडे वाहणारे). संध्याकाळपर्यंत ते असतात. पहाटेपर्यंत मात्र जमीन समुद्राहून गार झालेली असते. मग?"

"मग उलटं! समुद्रावरची हवा वर चढते आणि जमिनीवरची हवा समुद्राकडे धावते!"

"हे मतलई वारे (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे)."

हेमांगीनं बोटानं हवेत रेघ ओढली. कारखाना, वसाहत, वलांड्या, समुद्र. "म्हणजे पहाटे आमचा वास वसाहतीकडे जातच नाही. तो समुद्रात जातो. तेव्हा वसाहतीत येतो तो कारखान्याकडचा. तू संध्याकाळी येतोस, तेव्हा कारखान्याचा वास पलीकडे पूर्वेला गेलेला असतो. तुला सापडणार कसा?"

नाक्यानं सोंड खाली घेतली. "मी तक्रारीची वेळ हीच वासाची वेळ मानली. ही चूक आहे. पण तुझं म्हणणंही अजून अंदाजच आहे. उद्या पहाटे मोजू. कारखान्याकडून काही आलं नाही, तर बाराची मुदत कायम राहील."

शनिवारी उजाडायच्या आत तिघं सागरछायाच्या फाटकाशी उभे होते. नाक्या, हेमांगी, आणि कानटोपी घातलेले सबनीस आजोबा. नाक्यानं सोंड पूर्वेकडे वळवली.

"चार एकक."

वारा पूर्वेकडूनच होता, हेमांगीच्या गालाला गार लागत होता. पण वास नव्हता.

"चार. पाच. चार."

हेमांगीनं आजोबांकडे बघितलं. आजोबांनी खांदे उडवले. आजच्या दिवशी कारखाना बंद असला तर? बारा वाजता आई बांबू सोडायला लागेल. हेमांगीचं रडू फुटायच्या बेतात होतं.

कारखान्यात भोंगा वाजला. लोखंडी दारं सरकल्याचा आवाज आला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग आजोबांनी एकदम कानटोपीचं टोक नाकावर ओढलं. "हाच! हाच तो!"

हेमांगीलाही आला. तिच्या नाकाला या वासाची सवय नव्हती. खरोखरच ओकारी येईल असा होता तो.

"एकवीस," नाक्या म्हणाला. "अठ्ठेचाळीस. त्र्याण्णव. चला, वाऱ्याच्या उलट."

जसजसे ते पूर्वेला सरकले तसतसे आकडे चढत गेले. कारखान्याच्या कुंपणाशी दोनशे दहा झाले. खाद्यासाठी मासळीचा कचरा शिजवून वाळवायची मोठी पिंपं तिथे पहाटे उघडली जात होती. त्यांची वाफ जैविक गाळणीतून (ओल्या लाकडी भुशाचा थर, त्यातले सूक्ष्मजीव वासाचे रेणू खाऊन टाकतात) जायला हवी होती. पण पाण्याची नळी तुंबल्यानं भुसा कोरडाठाक पडला होता.

"भुसा सुकला तर जीव जगणार कशावर?" हेमांगी म्हणाली.

कारखान्याच्या व्यवस्थापक बाई धावत आल्या, आकडे पाहून ओशाळल्या. "आम्ही सगळे इथेच असतो हो. आम्हाला वास जाणवलाच नाही!"

"घ्राणथकवा," हेमांगी म्हणाली.

गाळणी ओली होऊन सूक्ष्मजीव पुन्हा वाढेपर्यंत पिंपं उघडू नयेत, असा आदेश नाक्यानं तिथेच दिला. वलांड्यांची नोटीस मागे घेतली. आणि खात्याच्या तक्रारअर्जात त्याच दिवशी एक नवा रकाना आला: वास केव्हा आला?

कारखान्याची तपासणी संपल्यावर साडेअकराला हेमांगीनं नाक्यासोबत येऊन आईला हे सगळं सांगितलं, तेव्हा आईच्या हातात सोडलेली पहिली गाठ होती. तिनं ती पुन्हा आवळली आणि लेकीला कुशीत ओढलं.

"तुमची मासळी निर्दोष ठरली," नाक्या म्हणाला. "संध्याकाळी तुमच्याकडून वसाहतीपर्यंत फक्त नऊ एकक पोचतात."

"नऊ म्हणजे शून्य नाही," हेमांगी पुटपुटली.

"नाही."

त्या संध्याकाळी खारा वारा सुटल्यावर ती सागरछायाच्या गच्चीवर गेली. सबनीस आजोबांना तिनं हाताला धरून पश्चिमेच्या कठड्याशी उभं केलं.

"आजोबा, माझं नाक इथे चालत नाही. तुमचं चालेल. खरं सांगा हं, मला वाईट वाटेल म्हणून खोटं नको."

आजोबांनी डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि जरा अवघडून म्हणाले, "येतोय. थोडासा. वलांड्यांच्या कोपऱ्यात तो मासळीच्या आतड्यांचा ढीग दिसतोय ना, तिकडून असावा."

हेमांगीनं वही उघडली. सगळ्यात आधी वेळ लिहिली, सहा वाजून दहा मिनिटं. पुढे वाऱ्याची दिशा लिहिली. आणि मग, अक्षर नीट काढत, वासाच्या जागेपुढे स्वतःच्या आईचं नाव लिहिलं.