पेटीचं हलकं कुलूप

तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. आजवर कुणाचाच बसलेला नाही! पण तुमची चावी घासून व्हायला अजून अर्धा तास आहे आणि बाहेर ऊन मी म्हणतंय, तेव्हा बसा त्या बाकावर आणि ऐका. यातली एक गोष्ट जरी खोटी निघाली, तर या दुकानातली सगळी कुलपं फुकट घेऊन जा!

असंच एक कुलपांचं दुकान होतं. खाली दुकान, वर दोन खोल्या. शिकंज्यात अडकवलेल्या चावीवर कानस फिरवत बसलेल्या सुनेचा हात त्या सकाळी एकदम थबकला, कारण जिन्यावरून सासूचा आवाज आला होता…

“रविवारी लेकासाठी दुसरी मुलगी बघायला जायचंय. लेथवाल्याची धाकटी. हवं तर तूही चल, चोरून काही करत नाही मी!”

ती सासू म्हणजे काय बाई होती म्हणून सांगू! नवऱ्यामागे एकटीने दुकान ओढलेलं. ती कुलपाकडे नुसते डोळे वटारून बघायची आणि कुलूप आपण होऊन उघडायचं. एकदा तिला शिंक आली, तर अख्ख्या गल्लीची दारं सताड उघडली! बंद करता आली नाही ती फक्त स्वतःची जीभ. पण त्या घराचा एक नियम होता, सासऱ्यांनी घालून दिलेला, आणि तो तिनेही कधी मोडला नव्हता: मालक समोर उभा असल्याशिवाय त्याचं कुलूप उघडायचं नाही. मग चावी हरवलेली असो, नाहीतर घर पेटलेलं असो!

“जाऊन या, आई,” सून म्हणाली आणि कानस पुन्हा फिरू लागली… पण तिच्या व्याकुळ अंतःकरणात काय उसळलं होतं, ते त्या चावीलाच ठाऊक. एक दात नको तेवढा घासला गेला. तिने नवी कोरी चावी लावली, तीही बिघडली. ती उठली, जिना चढली, वर कशाला आलो तेच आठवेना, पुन्हा उतरली. पावणेदोन वर्षं तिचं हे असंच चाललं होतं. पायांना थारा नव्हता, जिवाला त्याहून नव्हता!

पावणेदोन वर्षांपूर्वी नवरा एका शाळेची चाळीस कुलपं बसवण्यात अडकला होता, म्हणून दोघांच्या तपासण्यांचे कागद आणायला ती एकटीच गेली होती. डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून समजावलं होतं.

“तुमच्यात काहीच दोष नाही. त्यांची बीजंही भरपूर आहेत, पण त्यांच्याच शरीराने ती परकी ठरवलीत. पुरुषाची बीजं वयात आल्यावर तयार होतात, भिंतीआड. शरीराच्या पहारेकऱ्यांनी ती कधी पाहिलेलीच नसतात. एखादा जोराचा मार लागून ती भिंत फुटली, की पहारेकरी आत घुसतात आणि जंतूंना धरावं तसं आपल्याच बीजांना धरतात. कुणाचं डोकं, कुणाची शेपटी… गठ्ठे होतात नुसते, पुढे सरकणार कशी? तरुणपणी त्यांना कधी लागलं होतं का?”

“मला नाही माहीत,” सून म्हणाली होती.

“विचारा. यावर उपाय आहे. पण दोघांनी यायला हवं.”

ती घरी आली तेव्हा सासू उंबऱ्यातच उभी. “काय निघालं?” आणि सासूच्या मागे तो, कपाळावर पितळेचा कीस, हातात पेचकस, आणि डोळ्यांत असं काही भय, की तिचं काळीज चर्रर्र झालं…

“दोष माझ्यात आहे,” ती म्हणाली.

तीन शब्द! उद्या त्याला एकट्याला गाठून खरं सांगू, असं तिने ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी तिला तोंडावर सासूची बोलणी बसली, आणि तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, “मूल नसलं म्हणून काय झालं? तू आहेस ना!” त्या सांत्वनाने ती आतून होरपळून निघाली. एवढं गोड बोलणाऱ्याला आता कुठल्या तोंडाने सांगायचं?

आणि तो कागद तिने ठेवला कुठे? आपल्या लोखंडी पेटीत, कुलूप लावून! त्या घरात, कुलूप! पिठाच्या डब्यात ठेवला असता, तर शंभर वर्षं कुणाला सापडला नसता. पण कुलूपवाल्यांची सून ती… गुपित म्हटल्यावर हात कुलपाकडेच गेला.

शनिवारी तिने कपड्यांची पिशवी भरली.

“एक म्हातारी घराबाहेर अडकून पडलीये, तिचं दार उघडून येते. मग मी जाते, आई. त्यांना आत्ताच काही सांगू नका.”

“जाताना पेटीतल्या घराण्याच्या बांगड्या तेवढ्या ठेवून जा,” सासू म्हणाली. पण आवाज नेहमीसारखा खणखणीत निघाला नाही.

तासाभराने सून परतली. वर आली, आणि तिचं पाऊल जागीच खिळलं. पेटीच्या कुलपाच्या तोंडाशी केसाएवढा ओरखडा! दुसऱ्या कुणाला दिसला नसता. बांगड्या जमिनीवर पडल्या होत्या, आणि त्यांच्याकडे पाठ करून सासू बसली होती, मांडीवर तो कागद घेऊन…

“आई… मालक समोर नसताना?”

सासूने मान वर केली नाही. “फाटकावरून पडला होता तो,” ती म्हणाली. “सतरा वर्षांचा होता. कडी बसवायला वर चढला, पाय निसटला आणि फाटकावरच आदळला, दोन पाय दोन बाजूंना. आठ दिवस उभं राहता येत नव्हतं. डॉक्टरकडे नेऊ म्हणाले हे… मीच नको म्हटलं. असली जागा कुणाला दाखवायची? शेक दिला आणि खोलीला बाहेरून कुलूप घातलं.”

“कुठला कागद आहे तो?”

दारात नवरा उभा होता. सुनेने झडप घातली, पण त्याने कागद आधीच उचलला होता. तो वाचत होता, आणि ती भिंतीला टेकली होती. आता हा कोसळणार… आता संपलं सगळं!

“मी सांगणार होते हो… रोज सांगणार होते!”

“पावणेदोन वर्षं,” तो म्हणाला, “पावणेदोन वर्षं मी तुझी समजूत घालत होतो! मला इतक्या पातळ पत्र्याचा समजलीस? एका कागदाने फाटेन असा?”

“तुमचा चेहरा बघवला नाही मला त्या दिवशी…”

“आणि तुझा मी रोज बघत होतो, त्याचं काय?”

तिथे मात्र दोघांचेही बांध फुटले. ती पिशवी कुणी रिकामी केली, ते कुणालाच आठवत नाही.

लेथवाल्याला नकाराचा निरोप गेला, आणि सोमवारी दोघं डॉक्टरीणबाईंसमोर बसले. “बीजाला पहारेकरी लटकलेला असला तरी चालेल,” बाई म्हणाल्या, “एक बीज पुरतं. बारीक सुईने उचलायचं आणि स्त्रीच्या बीजात नेऊन सोडायचं.” दोनदा फसलं. दोन्ही वेळा तो तिच्या उशाशी बसून राहिला. तिसऱ्यांदा मुलगी झाली, आणि जन्मली तेव्हा तिच्या इवल्या मुठीत पितळेची चावी होती!

पण खरी गोष्ट त्या पेटीपाशीच घडली. सासूने काय केलं? डोळे पुसले, सुनेचे दोन्ही पाय घट्ट धरले आणि मुलाच्या देखत म्हणाली, “पोरी, शब्दांनी सोलून काढलं मी तुला. माझ्या हातून झालेली चूक तू स्वतःच्या अंगावर घेतलीस आणि मी मात्र तुलाच घराबाहेर काढायला निघाले. मला क्षमा कर…”

“खोटं!”

शिकंज्यावरची कानस थांबली.

“शिंकेने गल्ली उघडली, ऐकून घेतलं. मुठीत चावी होती, तेही ऐकून घेतलं. पण माझे पाय कधी धरलेत हो, आई? तुम्ही त्या दिवशी उठलात, बांगड्या पेटीत टाकल्यात आणि म्हणालात, ‘हे कुलूप हलकं आहे, बदल.’ बस्स, एवढंच! आता द्या या गिऱ्हाइकांना सगळी कुलपं फुकट… क्षमा हा शब्द तुमच्या तोंडून मी आज पहिल्यांदा ऐकतेय!”