खाणीच्या दारातली झडती

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे मी दानम्माकाकूच्या तोंडून ऐकलंय, आणि ती बाई मेली तरी खोटं बोलायची नाही.

साल १९७४. दिवाळीची सुट्टी.

काकूचे मालक चनमल्लप्पा सोलापुरात मास्तर. लई हौशी माणूस. शाळा सुटली की पाय घरात ठरायचा नाही. त्या वर्षी टूम निघाली, रायचूरच्या पुढं साहेबाच्या काळातलं सोन्याच्या खाणीचं गाव बघायचं. खाण बंद पडून पन्नास वर्षं झालेली. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही.

दानम्माला तिसरा महिना होता. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर! लेडी डॉक्टरनं तसं कागदावर लिहून दिलेलं. सासू पार्वतम्मा हरखून गेली होती, पण निघताना तिनं बजावलं, "पाच महिने होईस्तोवर कुणापाशी बोलायचं न्हाय. दृष्ट लागती. कुणी इचारलं तर न्हाय म्हणायचं. कळलं?"

"व्हय," दानम्मा म्हणाली.

गावात होतं काय? पडक्या खोल्या, गंजलेली चाकं. खाणीच्या आवारात आत-बाहेर करायला एकच दगडी दार. मास्तर रंगात आले.

"इथं बायका कामाला असायच्या. सोन्याचे खडे गिळून न्यायच्या. म्हणून या दारात झडती! केस सोडायचे, तोंडात बोट घालायचे, पोट दाबून बघायचे."

"बास करा की ओ." तिला मळमळत होतं.

मास्तर चाकं बघत मागं राहिले. ती एकटीच दाराकडं निघाली.

भर दुपारचे बारा.

वारा पडला. पाखरू बोलेना. मागं मास्तरांच्या चपला वाजत होत्या...

त्याही थांबल्या.

दारात एक बाई उभी होती.

येताना नव्हती.

तिनं दानम्माचा अंबाडा सोडला. तोंडात बोट घातलं... गारढोण बोट. तोंडात बोट असताना दानम्मा ओरडणार कशी?

मग हात पोटावर आला.

आणि तिथंच थांबला...

"होट्ट्याग एनैती?" बाईनं कानडीत विचारलं. पोटात काय आहे?

दानम्माला सासूचं बोलणं आठवलं. "एनिल्ल." काही नाही.

बाईनं तीनदा विचारलं. दानम्मा तिन्ही वेळा तेच म्हणाली.

बाई हसली, कानडीतच म्हणाली, "न्हाय तर न्हाय. जा."

परतीच्या गाडीतच तिला पोट हलकं लागलं. ना दुखलं, ना रक्ताचा थेंब. सोलापुरात डॉक्टरनं दोनदा तपासलं, स्वतःचाच कागद पुन्हा वाचला, आणि म्हणाली, "बाई, पोटात काही नाही."

"वांझोटी मेली!" पार्वतम्मा कडाडली. "डॉक्टरला बी फशिवलंस?"

मास्तर म्हणाले, "दारात कुणीच नव्हतं. मी तुझ्या मागंच होतो की."

वैशाख आला. दिवस भरले असते तो आठवडा...

दानम्माला पान्हा फुटला.

रोज बाराच्या ठोक्याला छाती भरून यायची. आणि मग आपोआप रिकामी व्हायची. चोळी कोरडीच. "कुणीतरी ओढतंय ओ," ती रडायची. "भुकेलंय माझं."

सात-आठ महिन्यांनी छातीवर दातांचे व्रण उठले. दोन चिमुकले दात. पार्वतम्मानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितले. त्या दिवसापासून ती सुनेला वांझ म्हणाली नाही. बोललीच नाही म्हणा.

सव्वा वर्ष हे चाललं.

मग एक दिवस बारा वाजले... एक वाजला... दोन वाजले. दानम्मा चोळी सोडून भिंतीला टेकून बसून राहिली. छाती दगडासारखी ठणकत होती. कुणी आलं नाही.

संध्याकाळी तिनं मास्तरांना विचारलं, "मोठं झालं असंल, की गेलं असंल ओ?"

मास्तरांनी चपला घातल्या आणि बाहेर पडले.

काकू आता पंचाहत्तरीची आहे. परवा तिनं मलाही हेच विचारलं. मी विषय बदलला.