टेकडीवरची प्रत

झोम्ब्याच्या डोंगरावरून चिपेरोनी हा गार, ओला वारा उतरला, की गाव भरदुपारी झाकोळून जातं. पाऊस म्हणावा तर पडत नाही, धुकं म्हणावं तर अंग भिजवून सोडतं. अशाच एका दुपारी अलिनाफे कॉलेजमागच्या पायवाटेनं टेकडीवरच्या दगडी खोलीकडे निघाली होती. काम साधंच होतं. वर जपून ठेवलेला बॅकअप उतरवून घेऊन खाली यायचं.

जीव मात्र टांगणीला लागला होता. चिल्वा तळ्याकाठच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी, त्यांच्याच आवाजात, कॉलेजनं जपल्या होत्या. सांगणारे बहुतेक मातीआड गेलेले. हे सारं तीन मशीनांनी मिळून सांभाळलं होतं. हे आवाज ज्यांत साठवले होते त्या आभासी संगणकांच्या डिस्कचे बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा तिन्ही मशीनांवर ठेवायचा. एक मेलं तरी उरलेली दोघं गाडा ओढतात. ही घडी कॉलेजच्या जुन्या तंत्रज्ञांनी, नामालोम्बांनी, बसवली होती. अलिनाफेला हे काम शिकवलंही त्यांनीच. पण आदल्या दिवशी गेलेली वीज परत आली ती अशी उसळून, की दोन मशीनं जळाली आणि तिसऱ्यावरचे बरेच तुकडे वाचता येईनात.

"तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे, पोरी," नामालोम्बा म्हणायचे. "तिघं भाऊ एकाच घरात निजले आणि घरच पेटलं, तर?"

म्हणून दर शुक्रवारी ते आठवडाभरात बदललेले तुकडे डिस्कवर घेऊन स्वतः टेकडी चढायचे आणि वरच्या खोलीतल्या मशीनमध्ये उतरवून ठेवायचे. ईस्टरला ते वारले. दोघांचं काम एकट्या अलिनाफेच्या गळ्यात पडलं आणि टेकडी राहून गेली. त्या खोलीची किल्ली तिच्या खणातच पडून होती.

जुने आवाज वर सापडतील, हे तिला ठाऊक होतं. सापडणार नव्हता तो आजीचा. आजीची गोष्ट तिनं मे महिन्यात रेकॉर्ड केली होती, नामालोम्बा गेल्यानंतर. जूनमध्ये आजीही गेली.

खोलीशेजारच्या पाण्याच्या टाकीपाशी म्हातारा राखणदार वायसन शेगडीवर रताळी भाजत होता.

"आज कशी आलीस गं? तू तर शुक्रवारची."

"मी? ईस्टरपासून मी पाऊल टाकलं नाही इकडे, बाबा."

वायसनचा हात निखाऱ्यांवर तसाच थांबला.

"मग दर शुक्रवारी आत दिवा... कोण लावतं?"

"तुम्ही पाहिलंत?"

"खिडकीत उजेड दिसतो. खोकल्याची ढास ऐकू येते. मला वाटलं, या थंडीत तुझा घसा..." तो ओशाळला. "हाक नाही मारली मी. काम करणाऱ्याला हाक मारू नये."

कुलूप गंजलं होतं. बऱ्याच खटपटीनंतर किल्ली फिरली. आत दगडांचा ओलसर गारवा होता, पण त्यात पुदिन्याचा वास मिसळला होता. घशासाठी नामालोम्बा चघळायचे त्या गोळ्यांचा. जमिनीवरची धूळ जशीच्या तशी होती. तिच्यावर पाऊल उमटलेलं नव्हतं. अलिनाफेनं मशीनवर तळहात टेकवला आणि चटकन मागे घेतला. मशीन कोमट होतं, ताप उतरलेल्या लेकराच्या कपाळासारखं.

पडदा उजळला. एकही शुक्रवार चुकला नव्हता. शेवटचा बॅकअप गेल्या आठवड्याचा होता.

"काय गं?" वायसन उंबऱ्यातूनच कुजबुजला. "आत... आहे का कुणी?"

"आहेत, बाबा," ती म्हणाली, आणि आपण हे काय बोलून गेलो ते तिला नंतर कळलं. तिला पळून जावंसं वाटलं नाही. डोळे मात्र भरून आले.

मे महिना उघडून तिनं आजीची गोष्ट लावली.

ते रेकॉर्डिंग तिला तोंडपाठ होतं. आजीच्या चुलीपाशी तेव्हा दोघीच होत्या. गोष्टीचं पहिलं वाक्य झालं, की ऐकणाऱ्यानं 'तिलितोन्से', म्हणजे 'आम्ही सगळे आहोत', असं म्हणायचं, अशी रीत. त्या दिवशी यंत्राकडे बघण्याच्या नादात अलिनाफे ते म्हणायला विसरली होती. आजी जराशी थांबली, जिभेनं 'च्च' केलं आणि तशीच पुढे गेली.

आजीचा आवाज दगडी खोलीत घुमला. "एका गावात एक ससा राहायचा..."

मग तीच शांतता आली. चुलीतलं लाकूड तडकलं.

"तिलितोन्से," पुदिन्याच्या वासाबरोबर एक घोगरा, दमलेला आवाज अगदी जवळून म्हणाला.

आणि आजी 'च्च' न करता हसली. "ये बाबा, बैस," ती म्हणाली, आणि गोष्ट पुढे सांगू लागली.