क्लॅरिनेटवाला झिराडकर

तो पहिल्यांदा माझ्या खांद्यावर कलंडला, तेव्हा मी फोनवर आईशी भांडत होते. भांडत होते म्हणजे नुसती ऐकत होते. भांडायला अंगात त्राण लागतं, आणि रविवारी संध्याकाळी ते माझ्यात उरलेलं नसतं. आठवडाभर इथे, डच मुलखात, आइंडहोवनला ऑफिस, रविवारी नायमेखनला माझ्या बहिणीच्या, मीनलताईच्या जुळ्या मुलांमागे धावायचं. त्यात त्या हिवाळ्यात रुळांचं काम निघालेलं, म्हणून परतताना अर्ध्या वाटेपर्यंत ट्रेनऐवजी बस. बाहेर पाऊस, आत ओल्या कोटांचा वास.

"आशुतोषमध्ये काय कमी आहे ते तरी सांग," आई म्हणत होती.

"काही कमी नाही गं."

"मग हो म्हण ना, चारू."

"थांब जरा... शेजारचा माणूस झोपेत अंगावर पडतोय. स्पॅनिश वगैरे दिसतोय. जाऊ दे, झोपू दे बिचाऱ्याला, फार दमलाय."

"स्पॅनिश नाही," तो डोळे न उघडता म्हणाला. "अलिबाग."

मी फोन बंद केला. कान इतके तापले होते की टोपी काढावी लागली. तो मात्र सरळ होऊन बसला, मांडीवरची क्लॅरिनेटची काळी पेटी सावरली आणि नाव सांगितलं – रूबेन झिराडकर. आइंडहोवनलाच इंजिनिअर. दर रविवारी नायमेखनला त्याच्या बँडची प्रॅक्टिस असते.

"कसला बँड?"

"क्लेझमर. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या लग्नातली वाजंत्री समजा."

"म्हणजे सनई-चौघडा."

"साधारण. फक्त त्यात लग्नाआधी नवरीला मुद्दाम रडवायची पद्धत होती. त्यासाठी खास सूर आहेत."

"आमच्यात ते काम नातेवाईक करतात."

तो हसला. दमलेला माणूस हसतो तसा, अर्धाच. मला ते अर्धं हसू का कोण जाणे, फार आवडलं.

पुढच्या रविवारी माझ्या शेजारची सीट मी पिशवी ठेवून अडवली. त्याने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कुणासाठी आहे?"

"पिशवीसाठी. तिला खिडकी लागते."

"मग मी तिच्या परवानगीने बसतो," म्हणून त्याने पिशवी उचलून मांडीवर घेतली. तिथून पुढे आमचं 'तुम्ही' कधी गळून पडलं ते कळलं नाही.

एकदा त्याने मला त्या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतलं, यिडिशमधलं, एक अंगाईगीत म्हणून दाखवलं, अगदी हळू, काचेकडे तोंड करून. यिडिश डचच्या नात्यातली, म्हणून माझ्या मोडक्या डचच्या जोरावर मला आई, चंद्र, भाकरी एवढे शब्द लागले. बाकीचं नाही लागलं, तरी ते मी त्याला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

"तुझी आजी म्हणायची का हे?" मी विचारलं.

तो काचेकडून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "तूसुद्धा?"

"म्हणजे?"

"सगळे हेच विचारतात. अगं, आम्ही बेने इस्राएल. कोकणातले ज्यू. माझी आजी मराठीत कीर्तनं गायची, बायबलातल्या गोष्टींची. यिडिश तिने जन्मात ऐकलं नव्हतं. मी हे वर्कशॉपमध्ये शिकलो, रेकॉर्ड ऐकून ऐकून. पण बँडचा प्रमुख व्हिलम दर कार्यक्रमात सांगतो, रूबेनच्या रक्तातच हे सूर आहेत. लोकांचे डोळे भरून येतात. आणि मी... मान डोलावतो."

"खरं सांगून टाक की."

"सांगितलं तर बँडमधून जाईन. बोलावणी त्या रक्तावरच येतात, चारुता. आणि रोज कोण वाद घालणार? मान डोलावणं सोपं पडतं."

मला राग आला. मग लक्षात आलं, की राग त्याचा नव्हता. आशुतोषचं स्थळ आल्यापासून मीही दुसरं काय करत होते? मुलगा चांगला, इथलाच, पत्रिका जुळलेली. आईला पुढच्या रविवारी उत्तर हवं होतं, एवढं रूबेनलाही माहीत होतं, आणि मी हो म्हणणार होते. आवडला म्हणून नव्हे. नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं, आणि मी शोधून दमले होते. रूबेन आवडतो हे काही कारण झालं का? धर्म वेगळा, ओळख बसमधली... आईपुढे ते मांडायचं कसं?

त्याच रविवारी दुपारी द हेगला त्यांचा कार्यक्रम होता. मी शेवटच्या रांगेत बसले. व्हिलमने नेहमीचं रक्ताचं वाक्य म्हटलं, टाळ्या पडल्या. रूबेनची मान हलली नाही. तो माइककडे आला.

"माझ्या घरात यिडिश कुणी बोललं नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "हे संगीत माझ्या वारशाचं नाही. ज्यांचं होतं, त्यांतली बहुतेक माणसं मारली गेली. मी ते ऐकलं आणि मला सोडवेना, एवढंच. आजपासून तेवढ्यावरच ऐका."

व्हिलमचा चेहरा उतरला. रूबेनने क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि पहिला सूर चक्क फाटला. दुसरा मात्र असा लागला, की मी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. मला हा माणूस हवा होता. पत्रिका, पसंती, सोय, काही नको होतं. हा हवा होता.

कार्यक्रमानंतर तो बाहेर ट्रामच्या थांब्यावर आला, चेहरा पार ओढलेला.

"व्हिलम म्हणाला, आपण नंतर बोलू. म्हणजे गेलो मी बहुतेक."

"आणि लोक?"

"एका आजींनी बाही धरली. त्यांची आई यिडिश बोलायची. म्हणाल्या, तुझे उच्चार भयंकर आहेत, मंगळवारी घरी ये, सुधारून देते." तो पुन्हा अर्धंच हसला. "तुझं काय? आज उत्तर द्यायचं होतं ना?"

मी फोन काढला. स्पीकर लावला. त्याला सगळं कळणार होतं, आणि कळावं म्हणूनच लावला.

"आई, आशुतोषला नाही कळव."

"का गं? काय कमी—"

"काहीही कमी नाही. मला दुसरा एक जण आवडतो. इथे शेजारीच उभा आहे."

रूबेन माझ्याकडे बघतच राहिला. मग आईचा आवाज आला, जरा बारीक झालेला. "कोण?"

मी फोन त्याच्यापुढे धरला.

"नमस्कार काकू," तो घसा साफ करत म्हणाला. "मी रूबेन झिराडकर. ज्यू आहे. पत्रिका नाही. आणि मलाही तुमची मुलगी... खूप आवडते. तिला हे आत्ता तुमच्याबरोबरच कळतंय."

ट्राम आली, दारं उघडली, मिटली, निघून गेली. आम्ही हललो नाही. आई रागावली की रडतेय, काही समजेना.

"झिराडकर," ती शेवटी म्हणाली. "आम्हाला गणिताला एक झिराडकर बाई होत्या. फार कडक." मग तिचा आवाज खाली आला. "बाबांशी मला बोलावं लागेल, चारू. सोपं नाहीये हे."

"माहीत आहे."

"हं..." तिने मोठा श्वास घेतला. "जेवलात का दोघं?"

"नाही अजून," आम्ही एकदमच म्हणालो.