आर्क लागलाय

चऱ्होलीत रणजीतचं वेल्डिंगचं शेड होतं. चाकणच्या कंपन्यांना तो लोखंडी ट्रॉल्या करून द्यायचा. मागच्या खोलीत बायको विजयश्री, आठवा महिना लागलेली, आणि आई सरूबाई.

त्या दुपारी लाइट गेली म्हणून तो आत आला, तर विजयश्री डोळे दाबून बसलेली. तोंड सुजलेलं.

"डोकं फुटतंय हो. त्या कोपऱ्यातलं वेल्डिंग बंद करायला सांगा ना."

"येडी का? लाइट गेलीय. मशीन बंद आहे."

"मग तो कोण बसलाय?"

कोपरा रिकामा होता.

"सकाळी शेडात माझ्याकडं बघत उभी होतीस ना? आर्क लागलाय तुला."

आर्क, म्हणजे वेल्डिंगचा झगझगीत उजेड, डोळ्यांना लागला की डोळ्यांपुढं ठिणग्या नाचतात, पाणी गळतं. औषध प्रत्येक वेल्डरला पाठ. त्यानं कच्च्या बटाट्याच्या दोन चकत्या कापून तिच्या डोळ्यांवर ठेवल्या.

"आई, तोंड लई सुजलंय गं. दवाखान्यात नेऊ?"

"पोटुशीला सूज येतीच. कार्डावर बीपी बराबर हाय की."

होतं ना! गरोदर बायकांच्या तपासणी शिबिरात दंडाला पट्टा न गुंडाळताच हरामखोरांनी सगळ्या बायकांच्या कार्डांवर एकच आकडा खरडला होता.

"बटाट्याआडूनपण दिसतोय," विजयश्री पुटपुटली. "जवळ सरकला."

जळक्या लोखंडाचा वास रणजीतलाही आला. त्यानं शेडात डोकावलं. मशीन गार होती.

तासाभरानं तिची दातखीळ बसली. अंग ताठ झालं, मग झटके.

दवाखान्यात ती एकदाच शुद्धीवर आली. डोळे सताड उघडे.

"अहो, लाइट आली नाही का अजून?"

डोक्यावर ट्यूब जळत होती.

"डोळ्यांना काही झालं नव्हतं," डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. "बीपीनं मेंदूला सूज आली. तासभर आधी आणायचं होतं."

पोटातली पोरगी वाचली. विजयश्री गेली.

तेराव्यानंतर गादी उचलताना त्या चकत्या सापडल्या. सुकलेल्या. दोन्हींना काळ्या कडांची बारीक भोकं. ठिणग्यांनी त्याच्या शर्टाला पडायची, तशीच.



पोरगी दोन महिन्यांची झाली. परत एका दुपारी लाइट गेली. सरूबाईच्या मांडीवरच्या पोरीनं कोपऱ्याकडं पाहिलं आणि डोळे गच्च मिटले. पापण्यांतून पाणी आलं.

रणजीतनं खुंटीवरचं वेल्डिंगचं हेल्मेट काढून तोंडापुढं धरलं. त्या काळ्या काचेतून खोलीतलं काही दिसत नाही. आर्क पेटला तरच दिसतं.

कोपरा लख्ख दिसत होता.