काटा एकतीसवर

हसनाबादच्या बौद्धवाड्यातली एम.एस्सी. झालेली पहिली मुलगी म्हणजे सत्यशीला. जालन्याच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवी आणि उरलेल्या वेळात पऱ्हाटीतलं लिग्निन मोजी. कपाशीच्या काडीला कडकपणा येतो तो या लिग्निनमुळे. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ते विरघळलं की त्याचे रेणू सुटे होतात. मीठ टाकलं की एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे बनतात. नळीतून उजेड सोडायचा. गोळे जितके मोठे, तितका उजेड बाजूला फाकतो आणि यंत्राचा काटा वर चढतो. यंत्र तिनं स्वतः जोडलं होतं, आणि त्याचा तिला अभिमान होता.

१९७६च्या मार्चमध्ये तिचे वडील तातेराव पऱ्हाट्यांची मोळी एसटीच्या टपावर टाकून घेऊन आले. तिनं द्रावण केलं, बाटलीवर ‘हसनाबाद’ लिहिलं. मीठ न घालता काटा चारवर राहायला हवा. तसा तो राहीही. फक्त गुरुवारी तातेराव तिचा डबा घेऊन आले की तो एकतीसवर जाई. ते गेले की पुन्हा चार.

जाफराबादच्या नि जांब समर्थच्या काड्यांचं पाणी मात्र त्यांच्यापुढे ढिम्म.

तिनं खिडकीला काळा कागद लावला. नळी बदलली, कॉस्टिक बदललं. कचरू शिपायाला तासभर त्याच बाकावर बसवलं. काटा चारवरून हलला नाही. तिसऱ्या गुरुवारी तो चढला तेव्हा आसपास कोणीच नव्हतं. पाच मिनिटांनी व्हरांड्यात तातेरावांच्या वहाणा वाजल्या.

औरंगाबादहून तिचे मार्गदर्शक डॉ. खडकीकर यांचं पत्र आलं : ‘हसनाबादचा नमुना वगळा. हाताळणीत दोष दिसतो. अन्यथा प्रबंधावर माझी सही मिळणार नाही.’

दोष! तिनं त्याच दिवशी उत्तर लिहिलं : ‘वगळणार नाही. गुरुवारी येऊन आपण स्वतः मोजावं.’

ते आले. नळी स्वतः धुतली, द्रावण स्वतः भरलं. अकरा वाजले होते. काटा चार.

“काय वेगळं आहे यात?”

“थांबा, सर.”

अकरा वीसला काटा हलला. दहा. एकोणीस. एकतीस. सरांनी दिवा तपासला, तारा तपासल्या. तेवढ्यात व्हरांड्यात वहाणा वाजल्या आणि तातेराव दारात उभे राहिले.

“जय भीम, साहेब.”

“तुम्ही इथं येऊन काही करता का हो?”

“म्या काय करणार? डबा ठिवतो, बसतो. कपाशी हिच्या मायनं पेरली, ती दिवाळीत वारली; पऱ्हाट्या म्या उपटल्या, तेवढंच. मोजून तर पोरगी राह्यली. अन् तिनं मोजलं म्हंजी बराबरच असंल.”

सरांनी त्यांना पार एसटी स्टँडपर्यंत पाठवलं. चार. परत बोलावलं. एकतीस. असं तीन वेळा. सरांचा सदरा पाठीला चिकटला होता.

शेवटी त्यांनी वही ओढली आणि आकड्यांखाली सही केली.

“कारण मला सांगता येणार नाही. पण मोजणी बिनचूक आहे, सत्यशीलाबाई. माझ्या हातून याहून चांगली झाली नसती.”

हे वाक्य ऐकायला तिनं किती वर्षं काढली होती! बाकावर तातेराव ताठ बसले होते, जणू सही त्यांच्याच छातीवर झाली होती.

कचरूनं चहा आणून ठेवला, जाताना दार ओढून घेतलं.

सरांच्या हातातला कप मध्येच थांबला.

काटा पुन्हा चढत होता.

चाळीस. एक्कावन्न.

खोलीत ते तिघंच होते.

बासष्टवर काटा स्थिर झाला.

सत्यशीलानं वडिलांकडे पाहिलं. तातेरावांनी उपरण्यानं बाकाचा कोपरा पुसला, आणि जरा सरकून जागा करून दिली.