फातिहाचा भात

अष्टमी गावाच्या पुलावरच दिशानं रिक्षा सोडली आणि ती पायी निघाली. सुफियानच्या आईच्या, हलीमाचाचीच्या दारात लवकर पोचायची तिला मुळीच घाई नव्हती. पोराच्या मरणाचा अहवाल आईला समजावून सांगायचा, हे काम कंपनीत कुणालाच नको होतं. दिशा पेणची, सुफियान अष्टमीचा. एका जिल्ह्याची माणसं म्हणून ते आपसूक तिच्या गळ्यात पडलं.

सुफियान चाचणीसाठी एकटाच अंतराळयान घेऊन वर गेला होता आणि हवाई छत्रीच्या आधारानं समुद्रात अलगद उतरला होता. यानावर साधा ओरखडा नव्हता. आतली हवा तेवढी उतरताना एका बिघडलेल्या झडपेतून निघून गेली होती; सुफियान आत नाकाकानांतून रक्त येऊन मेलेला सापडला. त्या झडपेमागे आणखी एक बसवायची, असा सुफियाननं धोशा लावला होता आणि ते मंजूरही झालं होतं. मग प्रकल्पप्रमुख हर्षद सरांनी ‘वजन वाढतं, तारीख चुकते’ म्हणत ती रद्द केली. चौकशी समितीच्या अहवालात दुसऱ्या झडपेचा उल्लेख नव्हता आणि सरांचाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यावी, तसा सगळा दोष बिचाऱ्या पहिल्या झडपेवर. समितीतल्या सगळ्यांनी सह्या केल्या होत्या, दिशाची तेवढी राहिली होती. नाही म्हटलं तर नोकरीवर पाणी सोडावं लागेल, हे तिला कुणी बोललं नव्हतं. अशा गोष्टी बोलायच्या थोड्याच असतात!

चाचीनं तिला स्वयंपाकघरातच बसवलं. गॅसवर भाताचा टोप होता.

“माझ्या पोराची फातिहा रखडलीय,” चाची म्हणाली. “भातावर दुवा पढायची, तर भातच शिजत नाय गो.”

“तांदूळ जुना असेल.”

“घरचाच हाय. शेजारी रुखसारकडं शिजतो. पण पोराच्या नावाचा घास दुसरीच्या चुलीवर कशाला रांधू? मी मेले काय?”

दिशानं वाकून पाहिलं. पाणी चांगलं खदखदत होतं.

“हात घाल,” चाची म्हणाली, आणि तिनं आधी आपलीच बोटं त्यात बुडवली.

दिशानं भीतभीत बोट लावलं. बोटाभोवती बुडबुडे फुटत होते आणि पाणी अंघोळीच्या पाण्याइतकंच ऊन होतं. उंच डोंगरावर हवा विरळ असते, पाणी लवकर उकळतं, डाळ कच्ची राहते, हे तिनं शाळेत पाठ केलं होतं. पण हे तर खाडीकाठचं गाव. तिच्या मनगटावरचं घड्याळ हवेचा दाब दाखवायचं. तो अगदी जसा असावा तसा होता. खिडकीबाहेर कुणीतरी सुकट वाळत घालत होतं.

“कधीपासून असं?”

“तुझे साहेब येऊन गेले ना, म्हणाले कुणाची चूक नाय, त्या दिसापासून. मग आणखी एक जण आला. तोही तेच बोलला. दर खेपेला पाणी आणखी थंड.” चाचीनं झाकण बाजूला ठेवलं. “सुफियान मला फोनवर बोललेला, अम्मी, दुसरी झडप बसतेय, आता काळजी नको. मग ती नको कुणी म्हटलं?”

नाव दिशाच्या ओठांवर आलं होतं. या बाईला त्या एका नावाखेरीज काही नको होतं.

“चौकशी अजून चालू आहे, चाची.”

टोपातलं पाणी उसळून काठाला आलं.

चाचीनं गॅस बंद केला. उकळी थांबली नाही.

दिशानं पुन्हा बोट घातलं. पाणी माठातल्यासारखं गार होतं. गार होतं आणि उकळत होतं. तळाशी तांदूळ कच्चे, पांढरे, नाचत होते.

“तूसुद्धा?” चाची म्हणाली. “तू तर इथलीच गो.” आणि तिनं दाराकडं बोट दाखवलं.

दिशाला फार लाज वाटली. आताच परत जावं, नाव सांगून टाकावं, असं एसटीत बसेपर्यंत तिला वाटत राहिलं. नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा सहीसाठी समितीचा पुन्हा फोन आला. पुढच्या यानात दुसरी झडप बसवून घ्यायची तर आपण कंपनीत असायलाच हवं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली आणि मोबाइलवरच सही करून टाकली. मन किती शहाणं असतं, हवं ते कारण बरोबर शोधून आणतं.

पेणला ती थेट वडिलांच्या मूर्तींच्या कारखान्यात गेली. वडील, पुंडलिक, एका मंडळाच्या मोठ्या गणपतीचे डोळे आखत बसले होते. एरवी या कामात ते मान वर करत नसत. आज त्यांनी कुंचला थांबवला.

“तुला काय जाणवतंय काय गो? खंडाळ्याचा घाट चढल्यासारखे दडे बसलेत कानांना. आता, तू आलीस तवाच.”

दिशानं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, दाब जसा असावा तसाच होता.

“सर्दी असेल, बाबा.”

“व्हय, असेल.” त्यांनी आवंढा गिळला, कान चोळला, परत गिळला. मग ते मूर्तीवर ओणवे झाले.

मूर्तीच्या पांढऱ्या पाटावर लाल थेंब पडला. त्याच्या शेजारी दुसरा.

पुंडलिकांनी नवलानं हातातला कुंचला उलटसुलट करून पाहिला. त्याला काळा रंग होता.